सुदामा नगरच्या गाडीचा निळा धूर

आधी मुजुमदार काकूंचं नाव घेतो, मग गाडीचं सांगतो. भांडण त्यांचं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर कोणी काही म्हटलं नसतं. पण त्या बोलल्या, म्हणून मी आज इंदूरमध्ये आहे. नाहीतर वाशीमकडच्या माझ्या गावी परत जाऊन कोणाच्या तरी ट्रॅक्टरला पाना लावत बसलो असतो.

त्या सकाळी गाडी तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजच्या दारात आली. मागे निळा धूर. मल्हारगंजची गल्ली ती केवढी, समोरच्या किराणेवाल्यानं खोकत शटर अर्धं खाली ओढलं. मुजुमदार साहेब उतरले. साहेब ऑडिटमधून रिटायर झालेले. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच बोलायला सुरुवात करायची, ही नोकरीतली सवय अजून गेलेली नाही.

"राठौरजी, आपने इंजन बनाया है कि अगरबत्ती?"

राठौर सेठ म्हणजे आमचे मालक. सेठनी मुकेश भियाकडे पाहिलं. मुकेश भिया आमचा सीनियर मिस्त्री; इंदुरात भिया म्हणजे भाऊ. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

धुराचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोल गाडीचा धूर तीन रंगांचा असतो. काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा असेल आणि थांबतच नसेल तर कूलंटचं पाणी आत जातंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. निळ्यातही बघावं लागतं. सकाळी सुरू करताना भकाभका येऊन मग थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेले. सील म्हणजे रबराच्या छोट्या टोप्या, वरचं ऑइल खाली झिरपू देत नाहीत. पण गाडी चालताना, दाबली की धूर, असं असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग इंजिन खोलायचं. खर्च मोठा.

साहेबांची गाडी जुनी, छोटी. पहिल्यांदा आली तेव्हा धूर फक्त सकाळी यायचा. सील बदलले, नवीन ऑइल भरलं. सील मी बसवले, मुकेश भियानं तपासले. माझं स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं मोठं काम. शाळा नववीत सोडलेली, गावात सगळे म्हणायचे की हा दिवाळीच्या आत परत येतो. त्यामुळे गाडी बिनाधुराची बाहेर गेली तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं.

थोड्याच दिवसांत ती परत आली. आता धूर चालताना. मी डिपस्टिक काढली. ऑइल किती आहे ते दाखवणारी ही लोखंडी पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं.

इथे माझ्या मनात पहिली शंका आली. जे इंजिन ऑइल खातं, त्यात ऑइल कमी व्हायला पाहिजे. हे वाढलं कसं? काही मिस्त्री एक चाल करतात. काम कच्चं राहिलं की ऑइल जास्त भरून देतात, म्हणजे खाल्लेलं लवकर लक्षात येत नाही. गाडी शेवटी कोणी तपासली होती? मुकेश भियानं.

मी सेठना हळूच सांगितलं. सेठनी हळू विचारलं नाही.

"मुकेश! तेल तूने ज्यादा डाला?"

मुकेश भिया हातातला कपडा फेकून माझ्यासमोर आला. "भिया, तेरे को हाथ पकड़ के सिखाया मैंने, और तू मेरी ही चुगली करेगा?"

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. चहासुद्धा वेगळा प्यायचा. आम्ही जास्तीचं ऑइल काढलं, धूर बंद झाला, गाडी गेली. आणि आता ही तिसरी वेळ.

पुन्हा पट्टी काढली. पुन्हा ऑइल खुणेच्या वर. मुकेश भियानं कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मीटर लावून पाहिलं. दाब बरोबर. रिंगा ठीक. सीलही कोरडे.

मग सगळा दोष त्या जास्तीच्या ऑइलचा. ते खालच्या चेंबरमध्ये असतं. फार झालं की फिरणारा क्रँकचा दांडा त्याला घुसळतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो, आणि त्याची वाफ नळीतून वर जाऊन जळते. इतकं कळलं. पण गाडी गॅरेजमधून जाताना ऑइल बरोबर खुणेवर होतं, ते मी आणि सेठ दोघांनी पाहिलं होतं. मधे कोणी घातलं?

सेठनी मला बाजूला घेतलं. "देख, या तो साहब खेल कर रहे हैं, या तुम दोनों में से कोई. साहब बीस जगह मेरा नाम खराब करेंगे. आज गाड़ी के साथ घर तक जा. अगली बार धुआँ आया, तो तू अपना बिस्तर बाँध ले."

मुकेश भिया ऐकत होता.

ऑइल काढून वरच्या खुणेवर आणलं. ह्यावेळी साहेबांनाही पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. "ठीक आहे. चल." गाडीत बसल्यावर ते एकदम म्हणाले, "मराठी आहेस, म्हणून विचारतो. खरं सांग, किती मारता तुम्ही?"

"काय, साहेब?"

"ऑइल."

मला काही समजलं नाही. सुदामा नगरला साहेबांच्या घरापर्यंत मी मागच्या काचेतून धूर बघत बसलो. धूर नव्हता.

घरासमोर नाली, नालीवरून फाटकात चढायला सिमेंटचा रॅम्प. अंगण नाहीच, त्यामुळे गाडीची जागा तीच. साहेबांनी तोंड फाटकाकडे करून गाडी रॅम्पवर चढवली, बंद केली आणि मला म्हणाले, "आत चल. थंड होऊ दे तिला. मग दाखवतो तुला तुमची कारागिरी."

काकूंनी पोहे दिले, वर शेव. माझं गाव, आई, सगळं विचारलं. मी जरा कमीच बोलत होतो.

मग साहेब उठले. बॉनेट उघडलं, पट्टी पुसली, घातली, काढली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"बघ!"

ऑइल खालच्या खुणेपाशी होतं.

मल्हारगंजात भरलेलं ऑइल सुदामा नगरला अर्धं! मी गाडीखाली आडवा झालो. एक थेंब नाही. सगळं कोरडं. वरून साहेबांचा आवाज येत होता. "प्रत्येक वेळी हेच. तिथे फुल दाखवायचं, घरी आली की कमी. काय जादू करता ते आज कळलंच पाहिजे. तुझ्या सेठला फोन लावतो. पुढे काय करायचं ते पोलीस बघतील."

पोलीस म्हटल्यावर मी गाडीखालून बाहेरच येईना.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. "मग आता तुमची बाटली आणून देऊ का?"

"तू आत जा."

"नाही जात. अरे बाळा, निघ बाहेर. हे दर रविवारी बघतात, कमी दिसलं की आपलं ऑइल घालतात. तुमच्याकडे सांगत नाहीत. म्हणतात, चोर आपोआप सापडला पाहिजे."

"सुनंदा!"

"आणि त्या दिवशी समोरच्यांच्या लग्नाचा मंडप होता, गाडी सडकेवर लावली होती. तेव्हा तुम्हीच म्हणालात, अरे, आज तर जास्त आहे. दाराशी कमी, सडकेवर जास्त. मला तर लेकराचा काही दोष दिसून नाही राहिला. ते आईला काय तोंड दाखवेल, चोर ठरून गेलं तर?"

दाराशी कमी, सडकेवर जास्त. मी गाडीखालूनच रॅम्पचा चढ पाहिला. ह्या गाडीची पट्टी इंजिनच्या पुढच्या बाजूला. तोंड वर करून उभी राहिली की चेंबरमधलं ऑइल मागे सरकतं, पुढे पट्टीला कमी लागतं. आणि आम्ही गॅरेजवाले गाडी कायम सपाट फरशीवरच बघत होतो.

"साहेब, एकदा सडकेवर घेऊ."

गाडी खाली घेतली. थोडं थांबलो. साहेबांनी स्वतः पट्टी काढली. बरोबर खुणेवर. पुन्हा पुसून काढली. तेच.

मला वाटलं संपलं. साहेब सडकेकडे बघत म्हणाले, "ही सडक लेव्हल आहे, कशावरून?"

काकूंनी आतून परात आणली, सडकेवर ठेवली, तिच्यात पाणी ओतलं. साहेब उकिडवे बसून पाणी बघायला लागले. एक ठेलेवाला थांबून विचारून गेला, "भिया, पूजा है क्या?"

पाणी काठाला सगळीकडे सारखं होतं. साहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले. सेठना फोन लावला. "राठौरजी, लड़का ठीक है. पट्टी की डिजाइन गलत है." माफी नाही. पण काकूंशी ते आता दिवसभर बोलणार नाहीत, हे मला त्यांच्या तोंडावरूनच दिसलं. आणि काकूंना ते आधीच माहीत होतं, हेही.

निघताना त्या म्हणाल्या, "मी लायसन्स काढलं होतं रे कधीचं. ह्यांनी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. म्हणतात, रॅम्पवरून तुला गाडी काढता येणार नाही."

गॅरेजमध्ये येऊन मी मुकेश भियाला सगळं सांगितलं आणि हात जोडले. तो चहा ओतत होता. एक कट, म्हणजे अर्धा ग्लास चहा, माझ्याकडे सरकवली. "आगे से मेरे को भी देखे ना, भिया, तो सपाट में खड़ा कर के देखना."

साहेबांची गाडी त्यानंतर धुरासाठी आली नाही. माझी नोकरी राहिली. आता कोणी धुराची तक्रार घेऊन आला की मी रंग नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी घरी कुठे उभी असते आणि तिचं बॉनेट कोण कोण उघडतं.

काकूंचं देणं राहिलं आहे. साहेब दुपारी झोपतात, त्या वेळेत त्यांना गाडी शिकवून होण्यासारखं आहे, पण चोरून नको. एक दिवस त्यांच्यासमोरच मी काकूंना स्टिअरिंगवर बसवणार. पहिला धडा रॅम्पवरून रिव्हर्स.