उपनदी कोणाची?

आमच्या लग्नात माझ्या नवऱ्याच्या काकांनी भर पंगतीत जाहीर केलं, "उपनदी नदीला मिळाली हो!" सगळे हसले. मीही हसले, नवरीला हसावंच लागतं. पण ते वाक्य डोक्यात रुतून बसलं.

माझ्या सासरचं गाव एका छोट्याशा नदीवर आहे आणि माहेर दुसरीवर. महादेवाच्या देवळापाशी दोघी एकत्र येतात आणि पुढे नाव चालतं ते सासरच्या नदीचं. आमची लांबच्या डोंगरातून येते, वाटेत दोन ओढे पोटात घेते आणि देवळापाशी आली की एकदम निनावी! माझंही आडनाव बदलायचं घाटत होतं, ते मी होऊ दिलं नाही. नदीला कोण विचारतं?

गेल्या वर्षी आमच्या सहावीतल्या मुलीला इथे दिल्लीच्या शाळेत नदी आणि उपनद्यांचं मॉडेल करायला सांगितलं. "सगळे यमुनाच करणार," नवरा म्हणाला, "आपण गावची करू." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत प्लायवर माती थापली. मी ओढे दाखवायला लागले, तर मुलगी म्हणाली, "ओढा म्हणजे?"

"छोटा नाला," नवरा म्हणाला.

"ईऽऽ! म्हणजे तुझ्या गावची नदी गटारांची बनलीये, आई?"

दिल्लीत वाढलेल्या पोरीला नाला म्हणजे काय वाटणार! नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. तो पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात मी चमच्याने माझी नदी चांगली दोन बोटं खोल केली. परत आल्यावर त्याने त्याची नदी रुंद केली. मग मी लांब केली. मुलगी म्हणाली, "यार, डोंगरच संपला!"

शेवटी पाणी सोडून बघायचं ठरलं. वरून दोन मग ओतले. माझी नदी ओढ्यांसकट झोकात देवळापर्यंत आली. त्याची मात्र पहिल्याच वळणावर काठ फोडून प्लायवरून थेट खाली गेली.

दोन मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आंटी चिखलाने माखलेली रजाई घेऊन दारात उभ्या.

"ये ऊपर से क्या बहा रहे हो, भाईसाहब?"

"जी... नदी," नवरा म्हणाला.

आंटी तरातरा बाल्कनीत आल्या. मुलीने त्यांना सगळा भूगोल समजावला. त्यांनी मॉडेल निरखून पाहिलं. "और बड़ी वाली कौन सी है?"

नवऱ्याने छाती फुगवून आपली दाखवली.

"इसमें तो पानी ही नहीं है!"

मी रजाई धुऊन द्यायचं कबूल केलं, आणि ती इतक्या आनंदाने धुतली की नवऱ्याने त्या दिवशी चहासुद्धा स्वतःच करून घेतला.

मॉडेल शाळेत गेलं. संध्याकाळी मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"त्यांनी विचारलं, मेन रिव्हर कोणती? मी सांगितलं, अभी तय नहीं हुआ, घर में झगड़ा चल रहा है."

पुढच्या पालकसभेला जाताना मेट्रोत आम्ही ठरवलं, हा विषय काढायचाच नाही. पण मॅडमच हसत म्हणाल्या, "तो, नदी का मामला सुलझा?"

"जी, बात चल रही है," नवरा म्हणाला.

"सुलझ गया," मी म्हणाले.