गाठी सुटेपर्यंत

विधवांना निवृत्तिवेतनाचा अर्ज मोबाइलवरच भरता यावा, म्हणून आम्ही एक संकेतस्थळ घडवत होतो. ते पारखायला मी त्यांच्यापैकीच एक असलेल्या कौसाबाईंच्या घरी गेले. पडद्यावर रेशनकार्डाचा क्रमांक विचारला गेला, तशा त्या उठल्या आणि पिठाच्या डब्यामागून एक गाठोडे घेऊन आल्या. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, त्याला दोन गाठी. आत पिशवी, तिलाही गाठ. कागदांना पिठाचा आणि कापराचा मंद वास होता. तो माझ्यापर्यंत पोहोचला, तोवर पान मिटले होते. भरलेले सारे पुसले गेले.

"तुमच्या मोबाइलला लई घाई हाय, बाई," त्या हसल्या. "सेतू केंद्रातबी दोनदा असंच झालं. मग मी अर्जाचा नादच सोडला."

पान आपोआप मिटण्याआधीची दहा मिनिटांची मुदत आम्हाला उदार वाटली होती. जे हरवून चालणार नाही, ते माणूस किती घट्ट बांधून ठेवतो, हे आम्ही मोजलेच नव्हते.

महिन्याने मी पुन्हा गेले. आता पानावर मी लिहिलेली ओळ होती: 'सावकाश शोधा. तुमचे लिहिलेले इथेच राहील.' कौसाबाईंनी ती बोट फिरवत वाचली, मोबाइल पाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग आधी चहा टाकते."