निवळीवाले मास्तर

"फुंका बघू," असं म्हणत आमचे शास्त्राचे मास्तर समोरच्याच्या हातात पपईच्या पानाचा पोकळ देठ द्यायचे आणि पुढे चुन्याच्या निवळीचा पेला धरायचे. माणूस फुंकायचा, निवळी दुधासारखी पांढरी व्हायची, आणि मास्तर पहिल्यांदाच पाहिल्यासारखे खूश व्हायचे.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि मास्तरांच्या शेजारीच राहायचो. त्यांच्या पेल्यातून कुणी सुटलं नव्हतं. हेडमास्तर फुंकून झाले होते, पोस्टमनही.

एकदा मला जेवायला बोलावलं, तर मोड आलेली मटकी बरणीत बंद, आणि बरणीत निवळीची वाटी. वहिनी वैतागल्या होत्या. "आता उसळ कशाची करू? ह्यांनी मटकीला श्वास घ्यायला बसवलंय."

"घ्यायला नव्हे, सोडायला," मास्तर म्हणाले. "जे जगतं ते श्वास सोडतं."

निवळीवर खरंच पांढरी साय आली होती. आम्ही पिठलं-भात जेवलो.

एका वैशाखातली गोष्ट. आम्हाला भाजी देणारा पांडू मानपाड्याला राहायचा. त्याच्या वाडीतली जुनी विहीर वर्षानुवर्षं वापरात नव्हती. तळाशी पाचोळा कुजत पडलेला. ती साफ करायची त्यानं ठरवलं. रविवारी आम्ही दोघं भाजीसाठी तिकडे गेलो, तर काठावर आरडाओरडा. पांडू कमरेला दोर बांधून उतरला होता आणि तळाशी पोचताच चिखलात कोसळला होता. हाकेला ओ नाही.

"माज्या पोराला हिरीनं धरला रं!" त्याची आई छाती पिटत होती. थोरला भाऊ त्याला आणायला काठावरून खाली उतरू लागला.

आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेल्या मास्तरांनी त्याला दंडाला धरून मागे खेचलं. "उतरलास तर तूही जाशील! दोर ओढा, सगळे ओढा!"

आम्ही ओढलं. पांडू वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. मास्तरांनी त्याला मोकळ्या वाऱ्यात निजवलं, बंडी फाडली, गर्दी हटवली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्याची छाती हलली. डोळे उघडून तो म्हणाला, "काय झाला मना?"

त्याची आई रडता रडता हसायला लागली. मास्तर मात्र मटकन मातीत बसले.

थोड्या वेळानं त्यांनी दोराला कंदील बांधून विहिरीत सोडला. अर्ध्यावर जाताच तो विझला. "भूत नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पाचोळा कुजवणारे बारीक जीव असतात, तेही आपल्यासारखाच श्वास सोडतात. निवळी पांढरी करतो तोच हा कर्बाम्ल वायू, हवेपेक्षा जड. खाली साचून राहिला, बाहेर जायला वाट नव्हती त्याला."

तरी म्हातारीनं विहिरीला नारळ आणला. मला वाटलं, मास्तर आता समजावत बसणार. त्यांनी तो तिच्या हातून घेतला आणि स्वतःच फोडला.

पुढे काही वर्षांनी मास्तर निवृत्त झाले आणि कोकणात आपल्या गावी जायला निघाले. त्यांना मी पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं. त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन पांडू पुढे चालला होता आणि मोठमोठ्यानं गात होता.

"पांडू, दम लागेल रे," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गाऊ द्या हो. ऐकू द्या मला."