टपालबाई आणि तीन हजार मेलबॉक्स

पंपांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे टपालबाई म्हणत. खरं टपाल त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. कंपनीची ईमेल चालू ठेवणं हे त्यांचं काम. त्या नोकरीला लागल्या तेव्हा चाळीस मेलबॉक्स होते आणि ते सांभाळणारा एकच सर्व्हर, जिन्याखालच्या खोलीत, टेबलफॅनच्या वाऱ्यावर दिवस काढत असलेला. पुढं मेलबॉक्स तीन हजार झाले आणि सर्व्हर सात. टपालबाई मात्र एकच राहिल्या.

मेल वाढण्याला काही धरबंध नव्हता. पंपांची ड्रॉइंग्ज, त्यांच्या दुरुस्त्या, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या, शिवाय कुणाच्या तरी बाळाचे फोटो. खरी अडचण अशी, की प्रत्येक सर्व्हरची डिस्क त्याच्या स्वतःच्या पोटात. एकाला अपचन झालेलं असताना शेजारचा अर्धपोटी असला, तरी ह्याचं ओझं त्याच्याकडे आपोआप जात नसे. मग दर महिन्याला टपालबाई पन्नासेक लोकांना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवत. रविवारी दुपारी, मेल चार तास बंद ठेवून. त्याआधी दोन नोटिसा: आपला मेलबॉक्स भरत आला आहे, जुन्या मेल काढून टाका.

स्वतःपासून सुरुवात म्हणून त्या दर शनिवारी, सुट्टी असूनही कारखान्यात येऊन, आपला मेलबॉक्स झाडून रिकामा करत. त्याचा कुणावर काडीचाही परिणाम झाला नाही. कॅन्टीनमध्ये त्यांनी डबा उघडला की शेजारच्या टेबलावरचे लोक जेवण पटापट उरकत.

सगळ्यात चिवट होते डिस्पॅचचे काका. नोकरीत त्यांनी एकही मेल काढली नव्हती.

"ताई," ते शांतपणे म्हणत, "पंप पाठवला आणि सहा वर्षांनी गिऱ्हाईक म्हणालं मिळालाच नाही, तर त्याला काय दाखवू? तुमची नोटीस?"

नवव्या वर्षी टपालबाईंनी संगणक विभागाच्या साहेबांना एक प्रस्ताव पाठवला. सगळ्या सर्व्हरना मिळून नेटवर्कवर एकच मोठी साठवण घ्यावी. ज्याला जेवढी लागेल तेवढी जागा तो तिथून घेईल, आणि कमी पडली तर काही बंद न करता नवी डिस्क सरकवता येईल. समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी लिहिलं होतं: घरोघरी पिंपं भरून ठेवण्याऐवजी गच्चीवर एक टाकी.

"कल्पना चांगली आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "पण मुळात लोकांना शिस्त नको का?"

लोकांना शिस्त लागायची वाट बघण्यात अकरा वर्षं गेली. टपालबाई दरवर्षी तारीख बदलून प्रस्ताव पुन्हा पाठवत आणि साहेब दरवर्षी शिस्तीचं बोलत.

मग एका मंगळवारी साहेबांनी शिस्तीचं मनावर घेतलं. 'मेलची स्वच्छता' नावाचं चाळीस पानी परिपत्रक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत तक्ते आणि कोपऱ्यात हसरे साहेब. साडेदहाला ते तीन हजार लोकांना गेलं. खातेप्रमुखांनी आपापल्या माणसांना पुन्हा पाठवावं असा आदेश होता, तोही सगळ्यांनी पाळला. बहुधा त्या कंपनीत पाळला गेलेला तो एकमेव आदेश. बारापर्यंत तीन सर्व्हर भरले, दोनपर्यंत सातही.

अडीचला साहेबांचा फोन आला. "मॅडम, माझं परिपत्रक सगळ्यांना पोचलं का?"

"पोचलं, साहेब. त्यानंतर काहीच पोचलेलं नाही."

दीड दिवस मेल बंद होती. लोक कागद घेऊन जिने चढत-उतरत होते, आणि दहा वर्षं ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला त्यांचे चेहरे पहिल्यांदाच बघत होते. संचालकांनी साहेबांना बोलावून घेतलं. बाहेर आले ते टाकीच्या बाजूचे होऊनच.

दोन महिन्यांत टाकी आली, दोन काळ्या कपाटांची. तीन रविवार खपून टपालबाईंनी सगळे मेलबॉक्स त्यांत हलवले. काकांचा शेवटी ठेवला होता. एकट्या त्यालाच पाऊण दुपार लागली.

त्यानंतर नोटिसा थांबल्या. सोमवारी सकाळी भरलेल्या मेलबॉक्सची यादी उघडली की कोरी. फोन वाजेना. कॅन्टीनमध्ये लोक त्यांच्या टेबलावर येऊन बसू लागले, आणि एका नव्या मुलीनं अगदी आदरानं विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की काय काम करता?"

"आता तरी डोकं शांत झालं असेल तुझं," घरी नवरा म्हणाला.

"झालंय ना," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच."

दुसऱ्या वर्षी साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. कारखानदारांच्या संघटनेचं एक पारितोषिक होतं, दूरदृष्टीचं.

"मॅडम, ही टाकीची कल्पना आपल्याला नक्की कधी सुचली होती?"

त्या 'आपल्याला'त कोण कोण धरलं आहे हे टपालबाईंनी विचारलं नाही. "तेरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

"लेखी असेल ना काही? अर्जाला जोडायचंय."

लेखी काहीच नव्हतं. टपालबाईंचा मेलबॉक्स दर शनिवारी धुतलेला, आणि साहेब टपालबाईंच्या मेल तर शनिवारचीही वाट न बघता काढत. बराच वेळ विचार करून त्या डिस्पॅचला गेल्या.

काकांनी दोन मिनिटांत प्रस्ताव पडद्यावर आणला. "तुम्हीच पाठवला होतात. माझा मेलबॉक्स दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा होता, मी हलू देत नव्हतो. म्हणालात, हे वाचा, मग कळेल मी का मागे लागते ते." प्रस्ताव 'ताई' नावाच्या फोल्डरमध्ये होता. त्याच्या खालीवर चारशेएक मेल होत्या, सगळ्या टपालबाईंच्या.

काका खुर्चीतून उठले आणि त्या बसल्या. पहिली नोटीस 'माननीय महोदय, आपणांस नम्र विनंती' अशी सुरू होत होती. चौथ्या वर्षी महोदय गेले, सातव्या वर्षी कृपयाही गेलं. एक नुसतीच होती: 'काका. ९८ टक्के.' एकीची तारीख पाहून त्या थांबल्या. लेक तेव्हा दोन दिवसांची होती. ही इस्पितळाच्या खाटेवरून लिहिलेली. आणखी खाली एक होती वडील गेले त्याच्या चौथ्या दिवसाची. तिच्यात टक्केवारी बिनचूक होती. त्याखाली काकांचं उत्तर: 'ताई, वडिलांचं कळलं. आज राहू द्या. मी पाचशे मेल काढतो.'

हे उत्तर आल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

"काढल्या होत्या?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नाही हो," काका म्हणाले. "बसलो होतो काढायला. पहिलीच उघडली आणि वाचत राहिलो."

टपालबाईंनी प्रस्ताव साहेबांकडे पाठवला आणि साहेबांनी तो अर्जाला जोडला. तेरा वर्षांत त्यांनी तो वाचला नव्हता, तेव्हाही वाचला नाही. परीक्षकांनी मात्र शेवटपर्यंत वाचला. शेवटी टपालबाईंचं नाव होतं आणि खाली काकांना पाठवताना जोडलेली एक ओळ: 'साहेबांचं मत: आधी शिस्त. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवते.' पारितोषिकाचं पत्र टपालबाईंच्या नावानं आलं.

साहेबांनी ते मोठ्या मनानं घेतलं असं म्हणावं लागेल, कारण समारंभाला ते पहिल्या रांगेत बसले आणि टाळ्या वाजवून झाल्यावर शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्याच विभागातल्या आहेत." टपालबाईंनी तीन वाक्यांत आभार मानले. नवऱ्यानं फोटो काढले, त्यातले दोन हलले.

तेव्हापासून साहेबांना लांबलचक वाचनाची गोडी लागली आहे. कुठलाही कागद सहीला आला की ते आधी शेवटचं पान उघडतात. टपालबाई शनिवारी हल्ली घरी असतात.