कुंदाची गुपचूप तुर्की

नंबर केदारचा, पण बोलत होती त्याची बायको एलिफ. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. "आंटी, आई गेल्या," ती म्हणाली. बोलणं इंग्रजीत, 'आई' तेवढं मराठी. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुणाची आई?" ती म्हणाली, "आमची..." दुपारी जेवून आडवी झालेली माझी मैत्रीण कुंदा उठलीच नव्हती. याला आता दीड महिना झाला. खरं सांगते, एलिफच्या त्या 'आमची'वरही माझा विश्वास बसला नाही. सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात विम्याचे दावे तपासण्यात माझी हयात गेली. समोरचं माणूस रडायला लागलं की मी आधी कागद बघते.

कुंदा पुण्याची. नवरा गेल्यावर मुलाने, केदारने, तिला इथे सिंगापूरला, ईस्ट कोस्टच्या आपल्या कॉन्डोत आणलं. सून तुर्कस्तानातली, त्यामुळे घरात सगळं इंग्रजी, आणि कुंदाचं इंग्रजी भाजी घेण्यापुरतं. तीन वर्षांपूर्वी तिने जाहीर केलं, की लग्नामुळे सुटलेली पदवी आता घ्यायची. परदेशातल्या विद्यापीठाची, ऑनलाइन, इंग्रजी घेऊन. केदार खूश. पण वर्गाला बसायला ही बाई आपला प्रशस्त कॉन्डो सोडून, बस बदलून माझ्या तोआ पायोहच्या फ्लॅटवर यायची आणि आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. मला काही ते पटेना. एकदा दाराला कान लावला, तर आत ही खिदळतेय आणि कुणी पुरुष भलत्याच भाषेत बोलतोय! आमच्या लिफ्टपाशी 'ऑनलाइन प्रेमाला भुलू नका' असं बजावणारं पोस्टर आहे. त्यातली बाई मला कुंदासारखीच दिसायला लागली. मी धाडकन दार उघडलं. "कोण गं हा मेला?"

"अगं, सर आहेत माझे! तुर्कीचे!" हेडसेट काढत ती ओरडली.

चहाबरोबर सगळं बाहेर आलं. पदवी इंग्रजी आणि तुर्की अशी जोडीची होती. घरी तिने निम्मीच सांगितली होती. एलिफ रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून आपल्या आईशी फोनवर बोलायची आणि त्या धबधब्यात कुंदाला एकच शब्द कळायचा... पुणे. "पुणे म्हणते आणि माझ्याकडे बघते गं. मला परत धाडायचा घाट घातलाय दोघींनी. केदारला विचारलं तर म्हणतो, काहीतरीच काय आई. त्या बंद घरात एकटीने मरायला मी नाही जायची, नीला." तिचे डोळे भरून आले. सुनेच्या फोनवर पाळत ठेवायला आख्खी पदवी! मला ते लगेच पटलं. मीही तेच केलं असतं.

अभ्यास मात्र तिने जीव ओतून केला. इंग्रजीत रडतखडत पास, तुर्कीत भरघोस गुण. "तुर्की आपल्याच वळणाची गं, क्रियापद शेवटी येतं. हे इंग्रजीच मेलं उफराटं!" तुर्की उतारा इंग्रजीत न्यायचा असला की ती आधी तो मराठीत आणायची, मग आम्ही दोघी मिळून त्याचं इंग्रजी करायचो. हा द्राविडी प्राणायाम माझ्या जेवणाच्या टेबलावर चालायचा आणि तिचे ते तुर्की 'ओ' आणि 'उ' ऐकून माझे यजमान टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मग एका संध्याकाळी ती न सांगता उगवली, हातात हॉकर सेंटरच्या टपरीवरची गरम केळ्याची भजी. "कळलं! आख्खं वाक्य कळलं! 'आईंना पुण्याला नाही पाठवायचं, त्या इथेच राहणार,' असं म्हणाली आपल्या आईला!" तिने भजं माझ्या तोंडात कोंबलं. आणि मी, माझा स्वभाव मेला, खाता खाता म्हणाले, "तुला ऐकू जावं म्हणूनच म्हणाली नसेल कशावरून?"

"तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?" ती तावातावाने निघून गेली. बरेच दिवस आली नाही. आली ती स्वतःच संशय घेऊन. "नीला, हल्ली ती फार सावकाश बोलते गं. आधी कशी धाडधाड सुटायची... आणि अवघड वाक्य असलं की दोनदा म्हणते." "म्हणजे तिला कळलंय की काय!" मी म्हणाले. त्यानंतर ती अधूनमधून विचारायची, "पण खरं असेल ना गं ते?" शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं, आणि ती गेली.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे राहिलेला तिचा हेडसेट द्यायला गेले. खोटं कशाला बोलू, तपासायलाच गेले होते. एलिफने कॉफी दिली. मी सरळ विचारलं, "त्यांना तुर्की येते हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. माझी आई फोनच्या स्पीकरवर विनोद सांगत होती, आणि इथे आई शेंगा सोलता सोलता हसल्या."

"म्हणजे ते पुण्याचं बोलणं त्यांना ऐकवायला होतं?"

"हो."

सापडली! मी कप खाली ठेवला.

"आधी मला खरंच वाटायचं, त्यांनी पुण्याला जावं," ती म्हणाली. "मग त्यांच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम बघितला आणि कळलं, त्या माझी भाषा शिकतायत. या वयात, माझ्यासाठी, आख्खी पदवी! माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, आंटी. तोंडावर 'इथेच राहा' म्हटलं की त्या नुसत्या 'ओके, ओके' म्हणायच्या. चोरून ऐकलेलंच त्यांना खरं वाटायचं. मग मी काय करू?"

माझ्यासाठी म्हणे! खरं कारण अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. नोकरीत एकही खोटा दावा मी पास केला नाही. "हो बाई," मी म्हणाले, "तुझ्यासाठीच."

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. एलिफने तो पिठाच्या डब्याला टेकवला आणि कांदा चिरत बोलायला लागली... सावकाश, एकेक शब्द सुटा करून. एक लांबलचक वाक्य संपवून ती थांबली. दाराजवळच्या कुंदाच्या खुर्चीकडे तिने पाहिलं, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणाली.