तुर्गुनबायच्या नावाचं कुलूप

कुणाचा रेडिओ घरघरला, कुणाचं शिवणयंत्र दोरा तोडायला लागलं, की गावातून पहिलं बोलावणं जायचं ते तुर्गुनबायला. उस्ता म्हणायचे त्याला. उस्ता म्हणजे कारागीर, पण हा शब्द कानावर पडला की म्हाताऱ्याच्या डोक्यावरची पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी वीतभर आणखी उंच दिसायची. गावच्या क्लबात जुना कॉम्प्युटर आला, त्याच्यावर लिनक्सही यानंच चढवलं. नारिन शहराच्या बाजारातून डिस्क आणली, वाटेत घाटात बस बंद पडली तेव्हा डिस्क छातीशी धरून कोकरासारखी उबेत ठेवली. यंत्रानं पहिल्याच झटक्यात विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय? म्हाताऱ्यानं एकेक अक्षर शोधून स्वतःचं नाव ठोकलं. दुसऱ्या कुणाचं ठोकणार हो?

त्या कॉम्प्युटरात गावच्या बायका नमद्यांची, म्हणजे लोकरी गालिच्यांची, नक्षी ठेवायच्या; यंत्र सुरू करून द्यायला मात्र दर वेळी उस्ताच लागायचा. शरदात नमदे शिवून झाले की मेंढी कापली जायची, आणि कंबरेचं मानाचं हाड उस्तासमोर यायचं. इतकी वर्षं त्या हाडाची वाट कधी चुकली नव्हती.

मग जिपार आली. तुर्गुनबायच्या धाकट्या भावाची सून. भाऊ बिचारा केव्हाच गेला, पण त्याची बायको सायराकुल खमकी, नमदेवाल्या बायकांची पुढारीण. ही तिची सून राजधानीत, बिश्केकला, एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. आल्या आल्या तिनं शेजारणीचा टीव्ही लावून दिला, मग कुणाचा फोन, मग दुकानदाराचा तराजू. प्रत्येक बातमी तुर्गुनबायच्या पोटात जाऊन बसायची. तरुणपणीचा मत्सर बरा, घोड्यावर बसून निघून तरी जातो. म्हातारपणीचा चुलीजवळ बैठक मारतो आणि वर चहा मागतो.

एका सकाळी त्यानं बायकोला विचारलं, "बुरूल, तुझा फोन दिसत नाही कुठं?"

"जिपारकडे टाकलाय दुरुस्तीला."

"घरात उस्ता असताना?"

"घरातल्या उस्तानं मागं उघडला होता, तेव्हा दोन स्क्रू उरले. डबीत आहेत अजून, दाखवू?"

म्हाताऱ्यानं चहाची वाटी पालथी घातली आणि उठला. मनाशी म्हणाला, आता असं काही करून दाखवतो की ती पोरगी तोंडात बोट घालेल. क्लबातल्या कॉम्प्युटरवर नक्षी काढायचा नवा कोरा प्रोग्राम बसवायचा!

आता इंटरनेट म्हणाल, तर ते गावात नव्हतंच. कबरस्तानामागच्या टेकाडावर चढून फोन उंच धरला तर एखादी रेघ यायची, आणि वारा फिरला की जायची. तेव्हा तुर्गुनबायनं नारिनला जाऊन प्रोग्राम पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, टोपीच्या घडीत खोवला आणि परत आला. लावून बघतो तर प्रोग्राम म्हणतो, माझ्याबरोबर अमका हवा. पुन्हा बस, पुन्हा नारिन. अमका आला, तर तो म्हणतो, तमक्याशिवाय मी बसत नाही. लग्नाच्या जेवणासारखीच गत. एकाला आवतण द्यावं, तर तो साडूला घेतल्याशिवाय उठत नाही, आणि साडू आपल्या मेव्हण्यासाठी अडून बसतो. शेवटी म्हातारा वैतागला आणि सगळ्या यंत्रावर हुकूम चालवायचा सर्वाधिकार वापरून त्यानं प्रोग्राम दामटून बसवला.

कॉम्प्युटर काळाठिक्कर पडला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली आणि ती नुसतं नाव विचारत राहिली. आपलं नाव घालून तुर्गुनबाय आत जाऊन आला, पण आतही तोच काळोख.

बायकांची नमदे कापायची वेळ आलेली, आणि नक्षी सगळी आत. सायराकुल कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, आज माझी सून बघेल."

तुर्गुनबायला नमद्यांचं काय पडलं होतं? त्याच्या डोळ्यांसमोर नाचत होतं ते कंबरेचं हाड. यंत्र त्या पोरीनं जागं केलं, तर ते हाड कुठं वळणार?

जिपार आली ती मोठी डिस्क घेऊन. "मामंजी, यात सगळं कोठारच आणलंय शहरातून. अमका, तमका, साडू, मेव्हणे, सगळे आत आहेत. कुणासाठी नारिनला जायला नको."

"वा वा," म्हातारा शेगडीजवळून म्हणाला. पण वा वा म्हणताना त्याचे दात एकमेकांवर घासत होते.

जिपार बसली. बायका मागं गोळा झाल्या. पडद्यावर रेघ लुकलुकली: नाव? जिपारनं बोटं उचलली, आणि तशीच धरली. गालांवर लाली चढली. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं खिडकीकडे.

तुर्गुनबायला काय आनंद झाला म्हणून सांगू! "का गं? अडलं घोडं? बिश्केकला हे शिकवलं नाही वाटतं? आमच्या वेळी बघ—"

"मामंजी, मला येतंय."

"मग दाब की."

"तुम्हीच दाबा."

"म्हणजे येत नाही!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "बघा गं बायांनो! एवढं मोठं कोठार आणलंय, पण दार उघडता येईना!"

कुणीच हसलं नाही. बुरूल पुढं आली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "अहो, अक्कल गहाण ठेवलीत का? पडदा काय मागतोय ते वाचा. तुमचं नाव मागतोय. ती तुमच्या भावाची सून. तोंडानं ज्याचं नाव घ्यायचं नाही, ते बोटानं कसं लिहील? तेही सासूसमोर? आणि सासूही तुमच्या धाकट्या भावाची बायको. आणि मी? इतक्या वर्षांत कधी घेतलंय मी तुमचं नाव?"

तुर्गुनबायनं एकेकीकडे पाहिलं. सगळं गाव एका कुळाचं, म्हणजे खोलीतली प्रत्येक बाई त्याच कुळाची सून. स्वतःच्या मोठेपणासाठी त्यानं यंत्राला असं कुलूप घातलं होतं की खोलीतल्या एकाही बाईला ते उघडता येऊ नये. आणि आपला मान राखणाऱ्या पोरीलाच तो अडाणी म्हणाला होता. म्हाताऱ्याचे कान टोपीखाली तापले.

तो मुकाट्यानं जिपारशेजारी बसला आणि त्यानं आपलं नाव दाबलं. पुढं जिपार सांगत गेली, तो दाबत गेला. डिस्कवरचे साडू-मेव्हणे एकेक करून आपापल्या जागी बसले. पण नक्षीचा रंगीत पडदा एकदा चमकला आणि पुन्हा गेला.

"मामंजी, तुम्ही सर्वाधिकारानं दामटलंत ना, तेव्हा यंत्रातल्या तुमच्याच खोलीतल्या काही वस्तू त्या सर्वाधिकाऱ्याच्या नावावर झाल्यात. आता मालक दारात आणि कुलूप दुसऱ्याचं. त्या परत तुमच्या नावावर करू. लिहा, मी सांगते. मालक बदल. पुढं... ते."

"ते म्हणजे?"

"तेच हो. तुमचं."

तुर्गुनबायनं नाव दाबलं.

"दोन टिंबं. पुन्हा ते. मग तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ आणि पुन्हा... ते."

मागं एक बाई खुदकन हसली, मग दुसरी, मग सायराकुलसुद्धा. म्हाताऱ्यानं एकाच ओळीत तीनदा स्वतःचं नाव लिहिलं, आणि पडद्यावर लाल-काळी शिंगांची नक्षी उमलली.

मेंढीच्या जेवणाच्या दिवशी कंबरेचं हाड आलं ते थेट तुर्गुनबायसमोरच. त्यानं सुरीनं चांगला चरबीदार तुकडा कापला, जिपारला जवळ बोलावलं आणि मान द्यायच्या रीतीप्रमाणे आपल्या हातानं तिच्या तोंडात घातला. सगळ्यांनी पाहावं म्हणून हात जरा उंचच धरला होता.

तुकडा गिळून जिपार म्हणाली, "मामंजी, एक सुचवू? त्या यंत्रावर गावाच्या नावानं दुसरं खातं उघडू या. मग दर वेळी तुम्हाला उठून यायला नको."

तुर्गुनबायचा चावता घास थांबला. त्यानं हाडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तेच. मला चालायला आवडतं."

शेजारून बुरूल म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून पाण्याला सुद्धा जात नाही हा माणूस."

"क्लब उताराला आहे," तुर्गुनबाय म्हणाला, आणि हाड नीट आपल्याकडे ओढून घेतलं.