तारघरात बोललेली मडकी

झुंजूमुंजू होताच धावड्याहून निघालो. गाडी माझ्या शेजाऱ्याची, म्हादूची. टोपलीत भुसा, भुशात वीतभर उंचीची सहा मडकी. जालन्याच्या तारघरात चार लागायची, दोन जास्तीची.

लढाईमुळं तारेच्या बॅटरीची विलायती मडकी येईनात, म्हणून तारबाबूंनी मला, कुंभाराला, तशी घडवायला सांगितलं. पहिल्या खेपेला मी गारगोटीनं घोटून, काव (तांबडी माती) लावून आरशासारखी नेल्ती. साहेबाकडं जायची वस्तू देखणी नको का? तार मुकी राहिली. गाव हसलं. बाबूंनी बजावलं, ही शेवटची खेप.

"इजंला मडकं कशाला रं?" म्हादूनं डिवचलं.

"मोरचूदाचं पाणी आत, दुसरं बाहेर. मिसळू द्यायचं न्हाई, पण इजंला वाट द्यायची."

"मंग भोकं पाड की!"

"पाडलीत. तुला दिसायची न्हाईत."

घोटल्यानं त्या वाटा बुजल्या होत्या; ह्या वेळी घोटलं न्हाई, उलट मातीत वस्त्रगाळ लीद (गाढवाचं शेण) मळली होती. आव्यात (मडकी भाजायच्या भट्टीत) ती जळते, मागं बारीक वाटा उरतात.

भोकरदनजवळ केळना नदीच्या दगडांत म्हादूनं बैल दामटले. धाडकन दोन मडकी फुटली. राजूरपर्यंत मी त्याच्याशी बोललो न्हाई. तिथं लिंबाखाली भाकरी-ठेचा खाताना त्यानं आपला कांदा माझ्याकडं सरकवला. कांदा घेतला, बोललो मात्र न्हाईच.

तिसऱ्या दिवशी जालना. कापसाच्या गाड्यांतून वाट काढत तारघर गाठलं. बाबू हैदराबादकडचे.

"बाबा, फिर चमकदार लाए?"

"न्हाई साहेब, घामट आणलीत."

त्यांनी पाणी ओतलं. जरा वेळानं मडक्यांना उन्हाळ्यातल्या माठासारखा घाम फुटला. मंग चारही मडकी काचेच्या बरण्यांत बसवली, आत मोरचूदाचं आन् बाहेर दुसरं पाणी भरलं, तारा जोडल्या, बटण दाबलं.

कट्-कट्-कट्! थोड्या वेळानं औरंगाबादचा जवाबही आला. बाबू खुर्चीतून उठले. "बिलकुल बराबर! ऐसेच दो डझन लाना, जल्दी!"

मला अक्षरं सहीपुरती येतात. तारेतून काय गेलं ते वाचता आलं न्हाई. पण जे गेलं, ते माझ्या मातीतून गेलं.

परतताना केळना आली. म्हादू खाली उतरला, बैलांच्या पुढं होऊन गाडी एकेक दगड चुकवत न्यायला लागला.

"आरं, टोपली रिकामी हाय!" मी म्हणालो.

"असू दे. तू हायेस न्हवं गाडीत."